वर फॅमिली, खाली बॅचलर

मार्च लागला की दोह्यातला वारा बदलतो. सकाळी गाडीच्या काचेवर पिठासारखी बारीक धूळ बसलेली असते, संध्याकाळी मात्र अजून पातळ स्वेटर चालतो, आणि याच सुमारास मासळीबाजारातल्या बर्फावर ओमानची शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, येऊन पडते. तिकडे वर्षातले दोनच महिने तिला पकडायची परवानगी असते म्हणे, मार्च आणि एप्रिल. मग खलास. पुढे इथे ऊन असं पेटतं की शेवंडच काय, कशाचीच इच्छा राहत नाही. काल बाजारात गेलो तर ती आलेली होती. तपकिरी पाठ, पाठीवर काटे, लांब मिशा एकमेकींत गुंतलेल्या. विकणाऱ्याने विचारलं, "भाईसाब, कितनी डालूँ?" मी नुसता बघत उभा राहिलो आणि शेवटी पाव किलो कोळंबी घेऊन घरी आलो. एकट्या माणसाने शेवंड घरी नेऊन करायचं काय? ती सोलायला, भांडायला आणि शेवटचा तुकडा कुणाचा हे ठरवायला घरात माणसं लागतात.

आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळही याच दिवसांत येतो. ईस्टरपर्यंत मटण-चिकन बंद, मासळी चालते. लहानपणी हा त्याग फार मोठा वाटायचा. इथे आल्यावर, समोर ओमानची शेवंड असताना, त्यागाचं तेज जरा कमीच पडलं. माझा त्या वेळचा रूममेट इक्बालभाई, रत्नागिरीचा, आमच्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला. तो दरवर्षी न चुकता मला यावरून छेडायचा. "अवो सायमनभाऊ, तुमचा रोजा झकास हाय. शेवंड खाऊन धरायचा!" मी म्हणायचो, "आम्ही मनाने उपाशी असतो." यावर तो हसायचा आणि म्हणायचा, "ते तर इथं सगळेच हायत." 

शेवंडीवरून मात्र आमचं कधीच जमलं नाही. इक्बालभाईच्या मते शेवंड फक्त रत्नागिरीच्या बायकांना कळते. नारळाचं दूध, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, वर दोन कोकमं, आणि सोबत तांदळाची भाकरी. बास. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण लावणारे मालवणकडचे लोक त्याला निम्मेअर्धे माफ होते. आम्ही वसईवाले मात्र पूर्ण गुन्हेगार. कारण आम्ही शेवंड उकडून तिचं मांस काढतो, कांद्यावर आणि उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरलेल्या घरच्या मसाल्यावर परततो, थोडा सिरका घालतो आणि ते सगळं चक्क पावात भरून खातो. "शेवंड ही पावात घालायची चीज हाय का?" तो कळवळून विचारायचा. "ती काय बटाटावडा हाय?" हा प्रश्न त्याने मला इतक्यांदा विचारला असेल, की त्याच्या आवाजाशिवाय आता मला शेवंड आठवतच नाही.

या वादात मला मदत मिळाली ती अगदीच अनपेक्षित ठिकाणाहून. आमच्या ऑफिसात दोन अमेरिकन इंजिनियर होते. दोघेही त्यांच्या देशाच्या एकाच किनाऱ्यावरचे, एक मेन राज्यातला आणि दुसरा कनेटिकटचा. एका हंगामात त्यांनी सगळ्या डिपार्टमेंटला कॉर्निशवरच्या, म्हणजे इथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावरच्या, मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं, आणि तिथल्या मेन्यूवर लॉब्स्टर रोल होता. म्हणजे शेवंड आणि पाव! मी मनातल्या मनात इक्बालभाईचा सूड घेतला. रोल आला तेव्हा मेनवाला खूश झाला, कारण मांस थंडगार होतं आणि मेयोनेजमध्ये कालवलेलं होतं. कनेटिकटवाल्याने एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सरकवलं. त्याच्याकडे म्हणे शेवंड गरम असते, वितळलेल्या लोण्यात नुसती बुडवलेली, आणि थंड मेयोनेज घालणं हे अक्कल नसल्याचं लक्षण. पाव मात्र दोघांनाही बाजूने कापलेला चालत नव्हता. तो वरून चिरलेला आणि दोन्ही अंगांनी लोण्यात भाजलेला हवा. यावर एकमत झाल्यावर दोघांनी मिळून ओमानच्या शेवंडीलाच नावं ठेवली. हिला नांग्याच नाहीत! आमच्याकडे एवढाल्या नांग्या असतात, असं म्हणून हात पसरून दाखवले. पगार माझ्या कैकपट, हाताखाली माणसं, आणि घरच्या शेवंडीच्या आठवणीने दोघांचेही चेहरे लहान मुलांसारखे पडलेले. मला त्यांची मनापासून दया आली, आणि जरा बरंही वाटलं.

मेबलची शेवंड यांपैकी कुठल्याच पंथात बसत नव्हती. मेबल माझी बायको. नव्वदीच्या शेवटी शेवटी ती आणि आमची रोशनी इथे माझ्याजवळ होत्या. मदिनत खलीफामध्ये एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे बोगनवेल, मागे एसीचं पाणी ठिबकून कायम ओली राहिलेली फरशी. मेबल शेवंड उकडायची तेव्हा रोशनी प्लास्टिकच्या स्टुलावर उभी राहून पातेल्यात बघायची. शेवंड लाल झाली की टाळ्या. मिशा तिच्या. त्या मिशा घेऊन ती खोल्यांमधून फिरायची आणि सोफ्यावर झोपलेल्या मला टोचायची. "Papa, get up, it's red!" आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची. इथली सगळी मुलं तशीच.

मेबलने मसाला वसईचाच घातला, पण इथे आपला पाव नव्हता, म्हणून तिने बेकरीतला लांबट सामून घेतला. सामून नुसता कोरडा लागतो म्हणून वरून चिरून डब्यातल्या लोण्यात भाजला. सिरक्याऐवजी लिंबू पिळलं, कारण त्या दिवशी सिरका संपला होता, आणि तेच पुढे कायम झालं. गुरुवारी रात्रीचं हे आमचं जेवण, कारण शुक्रवारी सुट्टी. तेव्हा इथे चर्चची इमारत नव्हती, शुक्रवारच्या मिस्साला आम्ही एका हॉलमध्ये जमायचो आणि माझ्या बोटांना सकाळीही मसाल्याचा वास यायचा. तीन माणसं, एक शेवंड, आणि शेवटचा तुकडा नेहमी रोशनीचा. मी सुखात होतो. मला तेव्हा तसं कळत होतं, हे मुद्दाम सांगतो, कारण लोक म्हणतात की ते नंतर कळतं.

मग वसईला आईला पॅरालिसिसचा झटका आला. तिची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. बहीण तिच्या संसारात, मी इथे. मेबलने कुणी काही म्हणायच्या आत बॅगा भरल्या. रोशनी तेव्हा दुसरीत होती. एअरपोर्टवर तिने मला विचारलं, "Papa, who will eat your lobster with you?" मी म्हणालो, "तू लवकर ये." त्यानंतर मदिनत खलीफाची जागा सुटली आणि मी उम्म सलाल मोहम्मदला कंपनीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. तिथे इक्बालभाई भेटला. भिंतीला भिंत लावून चार पलंग, एक फ्रीज, फ्रीजमध्ये ज्याच्या त्याच्या नावाचे डबे.

आणि मी बॅचलर झालो. हा शब्द इथे लग्नाबद्दल काही सांगत नाही. तुमची बायकामुलं या देशात तुमच्याबरोबर आहेत की नाहीत, एवढंच तो सांगतो. सगळ्या बऱ्या हॉटेलांत दोन भाग असतात. वर फॅमिली, खाली बॅचलर. वर जायला वेगळा जिना, पडदे लावलेल्या केबिन, मऊ खुर्च्या. खाली ट्यूबलाइट, टीव्ही आणि आम्ही. काही बागांत आणि मॉलमध्ये शुक्रवार फॅमिलीचा, दारावरचा गार्ड हात आडवा करून विचारायचा, "फॅमिली?" पहिल्यांदा असा हात आडवा आला तेव्हा मी पाकिटातला मेबल-रोशनीचा फोटो काढून दाखवला. गार्ड नेपाळचा होता. त्याने फोटो नीट बघितला, "अच्छा है," म्हणाला, आणि हात तसाच ठेवला. त्याच्या पाकिटातही असणारच एखादा.

असे काही हंगाम गेले. दरवर्षी नाताळात महिनाभर वसईला जायचो. तिथे पोर्कचं इंद्याल, केक, नातेवाईक. शेवंडीची आठवण कुणाला यायची नाही, मलासुद्धा नाही. पण एका फेब्रुवारीत मेबल फोनवर म्हणाली, "तुझी बहीण आईला तिच्याकडे न्यायला तयार आहे. बाई ठेवू म्हणते." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पण मी रोशनीला ओढून आणणार नाही. तिची इथे शाळा आहे, मैत्रिणी आहेत. परीक्षा झाली की तिला तुझ्याकडे पाठवते. तिला तिथे राहावंसं वाटलं तर आम्ही दोघी येतो. नाही वाटलं तर तू पुन्हा विषय काढायचा नाहीस." मेबल असं बोलते. तिच्या बोलण्यात पळवाटा नसतात.

म्हणजे सगळं रोशनीवर आलं होतं. अकरा वर्षांच्या मुलीला दोह्यात काय आवडेल, याचा मी रात्रंदिवस विचार करायला लागलो. माझ्यासारख्या माणसाला सुचून सुचून काय सुचणार? मी ठरवलं, तिला तीच शेवंड खायला घालायची. पहिल्या घासाबरोबर तिला ते स्टूल, ती ओली फरशी, त्या मिशा आठवतील, आणि बाकीचं आपोआप होईल. फ्लॅटमध्ये तिला आणता येणार नव्हतं, चार पुरुषांच्या खोलीत मुलगी कशी आणणार? म्हणजे हॉटेलच. तेव्हा त्या वर्षी मार्च लागल्या लागल्या मी रोज संध्याकाळी एकेक हॉटेल बघत सुटलो. इक्बालभाई म्हणाला, "शेवंड खायला चाललाव का स्थळ बघायला?"

केरळच्या माणसाच्या हॉटेलात शेवंड काळी मिरी आणि कढीपत्त्यावर परतलेली मिळाली. उत्तम होती, ताट पुसून खाल्लं, पण ती त्याच्या घरची होती. समुद्राकडेच्या लेबनीज हॉटेलात लसूण, लिंबू, ऑलिव्हचं तेल. मधोमध चिरून निखाऱ्यावर भाजलेली, दिसायला इतकी देखणी की खावीशी वाटेना. कॉर्निशवरच्या हॉटेलात परत गेलो आणि तो थंडगार रोल एकट्याने खाल्ला. शेजारच्या टेबलावर एक गोरं कुटुंब होतं आणि त्यांची मुलगी केचप मागत होती. मी उगाचच तिचं वय ताडून बघत राहिलो. प्रत्येक हॉटेलात मी विचारायचो, वरची केबिन एकदा बघता येईल का? आणि प्रत्येक जण सांगायचा, सर, वर लेडीज आहेत. म्हणजे ज्या खोलीत माझं सगळं ठरणार होतं, ती खोली मला बघायलाही मिळत नव्हती.

शेवटी जुन्या मासळीबाजाराजवळचं इजिप्शियन हॉटेलच नक्की केलं, जिथे मी कित्येक वर्षं दर शुक्रवारी जेवत होतो. तिथे दारातच बर्फावर मासे मांडलेले असतात. आपण बोट दाखवायचं आणि कसं करायचं ते सांगायचं. आणि मुख्य म्हणजे, कसंही सांगितलं तरी खानसामा ऐकून घ्यायचा. जाडजूड, मिशीवाला, कायम घामाघूम. मी मेबलच्या मसाल्याची बाटली घेऊन गेलो. त्याने झाकण काढून हुंगलं, एक सणसणीत शिंक दिली आणि सगळ्या हॉटेलभर हसला. तिथला वेटर बशीर केरळचा, त्याला हिंदी यायचं. मी हिंदीत सांगायचो, तो अरबीत सांगायचा, खानसामा मान डोलवायचा आणि स्वतःच्या मनाने जिरं घालायचा. पहिल्या शुक्रवारी जिरं. दुसऱ्या शुक्रवारी जिरं नाही, पण टोमॅटो. मग कांदा जळला. मग सगळं बरोबर, पण सामूनऐवजी पातळ खुबूस आलं. "बशीर, सामून. वरून चिरून. लोण्यात भाजून." "सार, इतना तकलीफ काहे को? खाने वाला तो आप अकेला है." मी म्हणालो, "मेरी बेटी आनेवाली है." त्यानंतर त्याने एकदाही कंटाळा केला नाही. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी ती जमली. पहिला घास घेतला. खालच्या हॉलमध्ये, टीव्हीवर फुटबॉलची मॅच चालू असताना, समोर कुणी नसताना, ती चव जशीच्या तशी होती. खानसामा आतून डोकावून बघत होता. मी अंगठा वर केला. तो ओरडला, "यल्ला! खलास!"

रोशनी आली ती वसईच्या ग्रेसताईबरोबर. ग्रेसताई इथे नर्स, नवरा-बायको दोघंही मदिनत खलीफात राहायची, सुट्टीवरून परतताना तिने रोशनीला आणलं आणि स्वतःच्याच घरी ठेवून घेतलं. मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तिला भेटायला जायचो. दाराची बेल वाजवायचो, कोचावर बसायचो, ग्रेसताई चहा आणायची. स्वतःच्या मुलीकडे असं पाहुण्यासारखं जाताना मला फार अवघड व्हायचं. रोशनी उंच झाली होती. केस मेबलसारखे मागे घट्ट बांधलेले. आणि आता ती माझ्याशी चक्क मराठीत बोलत होती, तेही आमच्या वाडीतल्या हेलात, "पप्पा, तू जेवलास?" असं पहिल्याच दिवशी विचारून मोकळी. आम्ही कॉर्निशवर फिरलो, आइस्क्रीम खाल्लं. जुन्या व्हिलाच्या गल्लीतून मुद्दाम गाडी नेली. बोगनवेल काढून तिथे गाड्यांसाठी पत्र्याची शेड केलेली होती. "इथे आपण राहायचो," मी म्हणालो. "हो का?" असं म्हणून तिने शहाण्यासारखं बघून घेतलं.

शुक्रवारी तिला इजिप्शियन हॉटेलात नेलं. दारातून शिरताना मी छाती जरा पुढे काढली असेन. बशीरने आम्हाला बघितलं आणि नेहमीसारखं खालच्या हॉलकडे न दाखवता जिन्याकडे हात केला. "फॅमिली, सार. प्लीज." इतक्या वर्षांनी तो जिना मी चढलो. वर तसं विशेष काही नव्हतं. लाकडी पार्टिशन, मरून रंगाचे पडदे, खिडकीखाली प्लास्टिकची फुलं. पण बशीरने आमच्या मागे पडदा ओढून घेतला आणि एका क्षणात बाहेरचे आवाज बारीक झाले. आत मी आणि माझी मुलगी. मला वाटलं, आता हे असंच राहिलं तर देवाकडे दुसरं काही मागणार नाही.

शेवंड आली. वरून चिरलेला सामून, लोण्याचा वास, मसाल्याचा लाल रंग. खानसाम्याने शेवंडीच्या दोन मिशा ताटाच्या कडेला हौसेने खोचल्या होत्या. रोशनीने पहिला घास घेतला. मी तिच्याकडे बघत होतो.

"छान आहे," ती म्हणाली.

"मम्मीसारखी?"

तिने चावता चावता विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नाही, आईवर गेली आहे. "मला आठवत नाही, पप्पा. मम्मी करतच नाही ना."

"कधीच नाही?"

"आजीला चावता येत नाही. म्हणून आमची पेज, मऊ भात, नाहीतर बोंबलाचं कालवण. दोघींसाठी शेवंड कोण आणणार, म्हणते मम्मी."

मी सामून हातात घेऊन तसाच बसलो. इतके दिवस मी समजत होतो की ही वसईची चव आहे, आमच्या घरची, मेबलच्या हातची, आणि मी तिला इथे परदेशात जपून ठेवली आहे. पण सामून इथला, डब्यातलं लोणी इथलं, शेवंड ओमानची, आणि लिंबू, तेही सिरका संपला होता म्हणून. वसईला कुणीच असं कधी केलं नव्हतं. ती चव मदिनत खलीफातल्या दोन खोल्यांची होती, ज्यांतल्या तिघांपैकी एकीला ती आठवत नव्हती, दुसरीने ती सोडून दिली होती, आणि तिसरा एका इजिप्शियन माणसाला ती शिकवत बसला होता.

तरी मी विचारलं. विचारायला हवंच होतं. "रोशनी, तू आणि मम्मी इथे याल का राहायला? तुला काय वाटतं?"

तिला प्रश्न माहीत होता. मेबलने सांगूनच पाठवलं असणार. तिने हात पेपर नॅपकिनला नीट पुसले, एकेक बोट.

"आजी मम्मीच्या हातून खात नाही," ती म्हणाली. "तोंड फिरवते. आत्याच्या हातूनही नाही. फक्त माझ्या हातून खाते. आता मम्मी तिला सांगते की रोशनी शाळेत गेलीय, संध्याकाळी येईल. पण असं किती दिवस सांगणार?"

माझी आई. जिने मला भरवलं, तिला माझी मुलगी भरवत होती, आणि म्हणून ती माझ्याकडे येऊ शकत नव्हती. यात रागवायचं कुणावर? मी म्हणालो, "बरोबर आहे, बाळा." आवाज नीट आला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मग आम्ही थोडं थोडं खाल्लं. शेवटचा तुकडा मी तिच्या ताटात ठेवला, तिने तो परत माझ्या ताटात ठेवला. पडद्यापलीकडच्या केबिनमध्ये कुणाचं तरी बाळ रडत होतं आणि एक बाई त्याला अरबीत समजावत होती.

"पप्पा, तू दर शुक्रवारी इथे येतोस?"

"हो. पण इथे नाही बसत. खाली."

"का?"

"एकटं असलं की खाली बसायचं असतं."

तिने पडद्याकडे बघितलं. मग उठली. "दाखव ना मला."

मी नको नको म्हणेपर्यंत ती अर्धा जिना उतरली होती. खालचा हॉल भरलेला होता. ड्रायव्हर, फोरमन, क्लार्क, बाह्या दुमडून खाणारे, टीव्हीकडे तोंड करून जेवणारे, फोनवर मोठ्याने बोलणारे. मुलगी आत आलेली बघून हॉल हळूहळू शांत झाला. बशीर धावत आला, "सार, सार, ये जेंट्स है, बेबी को उपर..." रोशनीने त्याला हिंदीत विचारलं, "अंकल, मेरे पप्पा कहाँ बैठते हैं?" बशीरने मुकाट्याने भिंतीजवळचं टेबल दाखवलं. ती गेली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बस ना."

मी बसलो. कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. पलीकडच्या टेबलावर एक पठाण ड्रायव्हर पाय वर घेऊन बसला होता, त्याने पाय खाली घेतले आणि चपला नीट केल्या. एकाने सिगारेट विझवली. कुणी आमच्याकडे टक लावून बघितलं नाही, पण कुणी परत बोलायलाही लागलं नाही. त्या हॉलमधला जवळजवळ प्रत्येक जण कुणाचा तरी बाप होता, आणि ते त्या पाच-दहा मिनिटांत सगळ्यांना एकदम आठवलेलं दिसत होतं. खानसाम्याने आतून, न सांगता, सामून आणि शेवंडीची आणखी एक ताटली पाठवली. रोशनीने ती मधोमध ठेवली. पोट भरलेलं असूनही आम्ही दोघांनी ती संपवली.

"आता मी मम्मीला सांगेन," ती म्हणाली, "तू कुठे बसतोस ते."

दोन आठवड्यांनी ती ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर परत गेली. मेबलचा फोन आला. तिने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही, आणि ठरल्याप्रमाणे तो विषय पुन्हा निघाला नाही. आई पुढे बरीच वर्षं जगली, रोशनीच्या हातून पेज पीत. ती गेली तोवर रोशनीचं कॉलेज आलं, मेबलचे गुडघे आले, वसईचं घर अर्धं बांधून झालेलं. मी का परत गेलो नाही, याची कारणं होती. इथे सगळ्यांकडे असतात, तीच. इक्बालभाई रत्नागिरीला कायमचा निघून गेला. दोन्ही अमेरिकन केव्हाच गेले; कुठल्या तरी किनाऱ्यावर आपापल्या पद्धतीचा पाव खात असतील.

रोशनी गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मी मुकाट्याने खाली माझ्या टेबलावर जाऊन बसलो होतो. एप्रिल संपत आला होता, बर्फावर शेवटच्या दोन-तीन शेवंडी होत्या, मी साधा हामूर मासा मागवला. आणि मला जेवता येईना. इतकी वर्षं समोर खुर्ची होती, तिच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. आता तिच्यावरून नजर हलत नव्हती. पोरीने मायेने केलं, पण ती तिथे येऊन बसली नसती तर बरं झालं असतं, असं मला अगदी मनापासून वाटलं. शेवटी मी उठलो, ताट उचललं, टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. बशीरने बघितलं आणि पाण्याचा ग्लास इकडून उचलून तिकडे ठेवला. तेव्हापासून मी तिथेच बसतो. तिच्या जागेवर कुणीतरी असतं, आणि समोर रिकामी दिसते ती फक्त माझी खुर्ची.